इंजिनावरून ओळखू येणारा माणूस

जुनी मोटारसायकल विकत घेऊन ती नावावर करायची म्हटले, की चंद्रपूर असो वा गडचिरोली, आर.टी.ओ.मध्ये आधी दोन क्रमांक जुळवले जातात. एक चेसिसचा, दुसरा इंजिनाचा. आर.सी. बुकातला आकडा आणि लोखंडावर ठोकलेला आकडा यांत फरक निघाला, तर व्यवहार तिथेच अडतो. गावातल्या मेकॅनिकला मात्र इंजिनाचे घराणे ओळखायला आकड्याची गरज पडत नाही. आलापल्ली, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या जंगलवाटांवर शिक्षक, वनरक्षक आणि तेंदूपत्त्याच्या फळीवरचे मुनीम यांनी वर्षानुवर्षे ज्या १०० सीसीच्या हीरो होंडा दामटल्या, त्यांचा सिलिंडर उभा नसतो. तो जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून निजलेला असतो. ‘सीडी १००’ ही यातली पहिली गाडी भारतात १९८५ साली आली. तिच्या इंजिनाचा मूळपुरुष त्याच्या कितीतरी आधी, १९५८ साली, जपानमध्ये ‘सुपर कब’ या नावाने रस्त्यावर उतरला होता. त्यामागे सोइचिरो होंडा नावाचा, शाळेत फारसा न रमलेला एक लोहारपुत्र उभा होता.

मोटारसायकलींमुळे होंडांचे नाव आपल्याकडे घरोघर पोचले. त्यांच्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी मात्र येथे फारशा कोणी पाहिलेल्या नाहीत. जपानमध्ये आणि पाश्चात्त्य देशांत १९६०च्या दशकातील जपानी स्पोर्ट्‌स गाड्या जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे आणि त्यांच्या दृष्टीने गाडीचा खरेखोटेपणा बॉनेट उघडल्यावर ठरतो. पत्रा बदलता येतो, रंग बदलता येतो, नावाची पट्टीही दुसरी लावता येते. मूळ इंजिन झिजले वा फुटले म्हणून कोणीतरी मधल्या काळात भलतेच इंजिन बसवलेले असते आणि तेवढ्याने गाडीचे मोल कोसळते. म्हणून जाणकार आधी इंजिनाची ठेवण पाहतो, मग ठोकलेला क्रमांक वाचतो. होंडांच्या गाड्यांबाबत ही परीक्षा विशेष रंजक आहे, कारण त्यांच्या इंजिनांत त्यांचा स्वभाव उतरला होता, आणि त्यात त्यांचा हट्टही होता.

सोइचिरो यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहार. पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीही सुरू केली. आई मिका विणकाम करीत असे. भात्याचा आवाज आणि तापल्या लोखंडाचा वास यांतच मुलाचे बालपण गेले. गावात पहिली मोटार आली तेव्हा तिने जमिनीवर सांडलेल्या तेलाच्या वासाने हा मुलगा वेडावला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९१७ साली आर्ट स्मिथ या अमेरिकन वैमानिकाचे विमान हामामात्सुला येणार होते. घरातले पैसे न विचारता उचलून, वडिलांची मोठी सायकल दामटत सोइचिरो तिथे पोचले. तिकिटापुरते पैसे नव्हते, तेव्हा झाडावर चढून त्यांनी विमान पाहिले.

शाळेतली एक हकिगत तर पुढच्या साऱ्या आयुष्याला शोभणारी आहे. प्रगतिपुस्तकावर पालकांचा शिक्का आणावा लागे. सोइचिरोंनी रबर कोरून घरचा खोटा शिक्का बनवला आणि तो खपलाही. ‘होंडा’ हे आडनाव जपानी लिपीत दोन अक्षरांनी लिहितात आणि दोन्ही अक्षरे डावी-उजवीकडे सारखीच असतात, त्यामुळे शिक्का उलटा कोरायला हवा हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. मित्रांनाही त्यांनी असेच शिक्के करून दिले. त्यांची आडनावे तशी नव्हती, ठसा उलटा उमटला आणि बिंग फुटले.

१९२२ साली, पंधराव्या वर्षी, टोकियोतील ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. पहिले काही महिने मालकाचे मूल सांभाळणे आणि झाडलोट एवढेच काम होते. हातात पाना यायला वेळ लागला. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपाने टोकियो उद्‌ध्वस्त झाले, बरेच कामगार गावी परतले, आणि मागे राहिलेल्या मोजक्या हातांत या मुलाचे हात होते. आगीत होरपळलेल्या मोटारी दुरुस्त करता करता त्यांनी जे शिकून घेतले, ते एरवी शिकायला कितीतरी वर्षे लागली असती. मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींचे वेड होते. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ‘कर्टिस’ ही गाडी इंजिन ओळखण्याच्या विषयात आजही उदाहरणादाखल घेता येईल. चेसिस ‘मिचेल’ या अमेरिकन मोटारीची, आणि तिच्यावर बसवलेले सुमारे ८ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन कर्टिस कंपनीच्या विमानाचे! नोव्हेंबर १९२४ मध्ये योकोहामाजवळच्या त्सुरुमी येथील शर्यत या गाडीने जिंकली. चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून बसले होते अठरा वर्षांचे सोइचिरो.

१९२८ साली साकाकिबारांनी त्यांना हामामात्सुत शाखा काढून दिली. धंदा चांगला चालला. मोटारीच्या चाकांचे लाकडी आरे काढून त्यांनी ओतीव लोखंडाचे आरे केले, त्याचे पेटंट मिळाले. पैसा आला तसा तो उधळलाही. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा शर्यतपट्टीवर त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते स्वतः आणि शेजारी बसलेले धाकटे बंधू बेंजिरो दोघेही जबर जखमी झाले. शर्यतीत स्वतः गाडी हाकण्याचा त्यांचा नाद इथे जवळपास संपला.

त्यानंतर त्यांनी पिस्टनच्या रिंगा बनवायचे मनावर घेतले. दिसायला साधी, पण इंजिनाचा दम जिच्यावर टिकतो अशी ही वस्तू. त्यांच्या रिंगा दगडासारख्या कडक होत आणि तुटत. तिशी ओलांडलेला हा कारखानदार मग हामामात्सुच्या तांत्रिक विद्यालयात धातुशास्त्र ऐकायला जाऊन बसू लागला. ओतकामात सिलिकॉनचे प्रमाण कमी पडत होते, हे तेव्हा कळले. परीक्षा मात्र त्यांनी दिल्या नाहीत आणि पदवी मिळाली नाही. टोयोटाकडे पाठवलेल्या ५० रिंगांपैकी अवघ्या ३ कसोटीला उतरल्या. तिथून पुढे त्यांनी ‘टोकाई सेइकी’ हा कारखाना टोयोटाचा पुरवठादार म्हणून उभा केला. युद्धातील हवाई हल्ल्यांनी आणि जानेवारी १९४५च्या भूकंपाने तो मोडला. उरलेले सारे त्यांनी टोयोटाला विकले आणि वर्षभर काहीही न करता बसून काढले.

१९४६च्या जपानमध्ये रेल्वे खचाखच भरलेल्या आणि पेट्रोल शिधापत्रिकेवर. सैन्याच्या बिनतारी यंत्रणेला वीज पुरवणारी छोटी इंजिने बेवारस पडलेली होंडांच्या दृष्टीस पडली. ती त्यांनी सायकलला जोडली. पेट्रोल पुरेना म्हणून पाइन वृक्षाच्या मुळांपासून काढलेले तेल त्यात मिसळले जाई. पहिली गाडी रस्त्यावर चालवून पाहिली ती पत्नी साची यांनी. अशी सुमारे ५०० इंजिने संपल्यावर स्वतःचे इंजिन करणे भाग पडले आणि १९४७ मध्ये ‘ए टाइप’ आले. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनीची रीतसर स्थापना झाली. भांडवल १० लाख येन आणि माणसे ३४.

पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. होंडांचे चरित्र फुजिसावांना वगळून लिहिता येत नाही. होंडांनी यंत्रे पाहायची, फुजिसावांनी पैसा आणि विक्री पाहायची, आणि एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचे नाही, असा त्यांचा अलिखित करार होता. कंपनीचा अधिकृत शिक्कासुद्धा होंडांनी फुजिसावांच्या हाती सोपवून टाकला होता. तो शिक्का आपण कधी वापरला नाही, हे ते अभिमानाने सांगत. होंडांचा राग प्रसिद्ध होता. चुकलेल्या अभियंत्याच्या अंगावर हातातला पाना भिरकवायला, प्रसंगी हात उगारायलाही ते कमी करीत नसत. आजच्या काळात हे कोणी खपवून घेणार नाही, आणि त्या काळातही अनेकांनी ते मनात ठेवले.

मार्च १९५४ मध्ये, कंपनी आर्थिक संकटात असताना, होंडांनी ‘आइल ऑफ मॅन’च्या जगप्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत उतरण्याची घोषणा केली. त्याच वर्षी ते स्वतः तिथे जाऊन आले आणि युरोपीय इंजिनांची ताकद पाहून हादरले. तेवढ्याच आकाराचे इंजिन, पण शक्ती कितीतरी जास्त. इंजिनाचे आकारमान वाढवता येत नसेल तर त्याने मिनिटाला अधिक फेरे घेतले पाहिजेत, हा धडा त्यांनी तिथून आणला. १९५९ साली १२५ सीसी गटात त्यांच्या चमूने सांघिक पारितोषिक मिळवले आणि १९६१ मध्ये १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडांच्या गाड्यांनी घेतले. पुढे १९६६च्या २५० सीसी शर्यतगाडीत त्यांनी चक्क सहा सिलिंडर बसवले. ते इंजिन मिनिटाला १८ हजार फेऱ्यांपर्यंत जाई.

हेच तंत्र मोटारीत उतरले आणि इथून स्पोर्ट्‌स गाड्यांचा खरा विषय सुरू होतो. १९६१ मध्ये जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटार उत्पादकांची संख्या मर्यादित ठेवण्याचा घाट घातला. विधेयक मंजूर झाले तर नव्या कंपनीला मोटारी बनवण्याची दारे बंद होणार होती. होंडांनी याला उघड विरोध केला. मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. त्याच वेळी कायदा येण्याआधी आपण मोटार उत्पादक आहोत हे सिद्ध करण्याची त्यांना घाई झाली. ऑगस्ट १९६३ मध्ये ‘टी ३६०’ हा छोटा ट्रक आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘एस ५००’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार. विधेयक १९६३ मध्ये संसदेपुढे आले खरे, पण ते कधीच मंजूर झाले नाही. लाल रंगावरूनही वाद झाला. अग्निशामक गाड्यांसाठी राखीव असलेला हा रंग खासगी मोटारीला देण्यास बंदी होती. सरकारने एका रंगावर मालकी सांगणे हास्यास्पद आहे, अशी भूमिका होंडांनी जाहीरपणे मांडली आणि शेवटी परवानगी मिळवली.

भाजीपाला वाहणाऱ्या त्या ट्रकचे ३५४ सीसीचे इंजिनही दोन कॅमशाफ्ट, चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर यांनी सजलेले होते! जगात कोणी ट्रकला असले इंजिन दिले नसेल. ‘एस ५००’चे इंजिन ५३१ सीसीचे, १९६४च्या ‘एस ६००’चे ६०६ सीसीचे, तर १९६६च्या ‘एस ८००’चे ७९१ सीसीचे. तिन्ही पाण्याने थंड होणारी, एका बाजूला कलती बसवलेली, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर असलेली. क्रँकशाफ्ट साध्या बेअरिंगवर न बसवता रोलर बेअरिंगवर बसवलेला, म्हणजे थेट मोटारसायकलच्या शर्यतीतून उचललेला. ‘एस ६००’ची पूर्ण शक्ती, ५७ अश्वशक्ती, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर मिळे. त्या काळच्या सामान्य मोटारी ५ हजारांच्या आसपासच धापा टाकीत. सुरुवातीच्या गाड्यांत मागच्या चाकांना गती द्यायलाही साखळ्या होत्या, त्या बंद पेट्यांत तेलात फिरत.

वरवर ही इंजिने भावंडांसारखी दिसतात. ‘एस ६००’मध्ये ‘एस ८००’चे इंजिन बसवून मोकळे झालेले मालक थोडे नाहीत. तेव्हा मदतीला येतो तो ठोकलेला क्रमांक. ‘एस ६००’च्या इंजिनावर ‘एएस २८५ ई’, तर ‘एस ८००’च्या इंजिनावर ‘एएस ८०० ई’ अशी सुरुवात असते. इतर जपानी गाड्यांशी घोटाळा होण्याचे मात्र कारण नाही. टोयोटाच्या १९६५च्या ‘स्पोर्ट्‌स ८००’चे इंजिन ७९० सीसीचे, म्हणजे होंडाच्या ‘एस ८००’हून एका सीसीने कमी. पण त्यात समोरासमोर आडवे पडलेले दोनच सिलिंडर आणि थंड करायला नुसती हवा. मझदाच्या १९६७च्या ‘कॉस्मो’त तर पिस्टनच नाहीत, त्रिकोणी रोटर फिरतात. टोयोटा ‘२००० जीटी’चे सहा सिलिंडरचे इंजिन यामाहाच्या साहाय्याने घडले. निस्सानच्या ‘झेड ४३२’ गाडीचे नावच इंजिनाची ओळख सांगते. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, दोन कॅमशाफ्ट. या सगळ्यांत सर्वांत लहान आकारातून सर्वांत जास्त फेरे काढण्याचा अट्टहास दिसला, की ते होंडांचे काम समजावे.

१९६४ मध्ये होंडा कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली. स्वतःचे इंजिन आणि स्वतःचीच गाडी, हेही धाडसच. २४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिकोत रिची गिंथरने होंडाला पहिला विजय मिळवून दिला. दीड लिटरचे बारा सिलिंडरचे ते इंजिन गाडीत आडवे बसवले होते.

यशाच्या या चढत्या कमानीत होंडांची दुसरी बाजू पुढे आली. इंजिन पाण्याने थंड केले तरी ते पाणी शेवटी हवेनेच थंड करावे लागते, मग मधे पाणी हवेच कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऐकायला तो बिनतोड वाटतो. मोटारसायकलीत तो खराही ठरला होता. १९६७च्या छोट्या ‘एन ३६०’ मोटारीचे दोन सिलिंडरचे इंजिन हवेवर चाले आणि ती जपानमध्ये भरपूर खपली. होंडांना आता सगळीकडे हवाच हवी झाली. १९६८ मध्ये त्यांच्या आग्रहावरून ‘आरए ३०२’ ही हवेने थंड होणारी फॉर्म्युला वन गाडी तयार झाली. वजन वाचवण्यासाठी तिच्या बांधणीत मॅग्नेशियम वापरले होते. चमूचा मुख्य चालक जॉन सर्टीज याने ती शर्यतीस तयार नसल्याचे सांगून चालवायला नकार दिला. ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समध्ये रूआँच्या शर्यतीत ती जो श्लेसर या फ्रेंच चालकाच्या हाती देण्यात आली. पाऊस पडत होता. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी घसरून बांधावर आदळली, पेटली, आणि श्लेसर जागीच मरण पावला. वर्षअखेर होंडा कंपनीने फॉर्म्युला वन सोडले.

एवढे होऊनही होंडा मागे हटले नाहीत, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत अवघड पान आहे. १९६९ मध्ये ‘१३००’ ही मोटार बाजारात आली. तिच्या इंजिनाभोवती दुहेरी कवच ओतून त्यामधून पंख्याने हवा खेळवली होती. कल्पना चतुर, पण त्यापायी इंजिन जड झाले, महाग झाले, आणि गाडीचे नाक भारावले. आज या मोटारीचे बॉनेट उघडले की रेडिएटर नसलेले ते धिप्पाड इंजिन पाहताक्षणी ओळखू येते. संग्राहकांना ती प्रिय आहे, कंपनीला मात्र ती तोट्याची ठरली. तरुण अभियंते अस्वस्थ होते. अमेरिकेत धुराविषयी कडक कायदे येऊ घातले होते आणि सिलिंडरचे तापमान नेमके राखल्याखेरीज धूर कमी करणे शक्य नव्हते. हवेने ते साधत नाही, असे त्यांचे म्हणणे. तादाशी कुमे तर वैतागून काही काळ कामावरच आले नाहीत. होंडांसमोर बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

अखेर अभियंते फुजिसावांकडे गेले. वीस वर्षांत फुजिसावांनी यंत्रांच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. या वेळी त्यांनी होंडांना एकच विचारले : तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की अभियंता म्हणून? दोन्हींपैकी एक निवडावे लागेल. होंडा थोडा वेळ गप्प राहिले आणि अध्यक्ष म्हणून राहीन, असे त्यांनी सांगितले. पाण्याच्या इंजिनाला परवानगी मिळाली. त्यानंतर प्रयोगशाळेत येणे त्यांनी हळूहळू कमी केले.

त्या परवानगीतून १९७२ मध्ये ‘सिव्हिक’ आली आणि पाठोपाठ ‘सीव्हीसीसी’ हे इंजिन. मुख्य ज्वलनकक्षाशेजारी एक लहान कक्ष. त्यात पेट्रोलचे दाट मिश्रण पेटते आणि त्या ज्योतीने मुख्य कक्षातले पातळ मिश्रण जळते. जळण पूर्ण होते आणि धुरातले विष कमी होते. अमेरिकेचे १९७५ सालचे निकष या इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पूर्ण केले. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्या ते अशक्य असल्याचे सांगत असतानाची ही गोष्ट. या यशाने जगातल्या बड्या कंपन्यांच्या पुढे जाता येईल, असे होंडा उत्साहाने बोलले, तेव्हा आपण हे स्पर्धेसाठी नव्हे, समाजाच्या भल्यासाठी करीत आहोत, असे तरुण अभियंत्यांनी त्यांना ऐकवले. ते त्यांना लागले आणि पटलेही. ऑक्टोबर १९७३ मध्ये वयाच्या ६६व्या वर्षी होंडा आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. अध्यक्षपद ४५ वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे गेले आणि पुढे १९८३ मध्ये त्याच तादाशी कुमेंकडे. होंडांनी घरातल्या कोणाला कंपनीत वारस म्हणून बसवले नाही. मुलगा हिरोतोशी याने १९७३ मध्येच ‘मुगेन’ ही स्वतंत्र कंपनी काढली, तीही इंजिनांचीच.

निवृत्तीनंतर ते जपानभर फिरून कंपनीच्या कारखान्यांतल्या आणि दुकानांतल्या कामगारांना भेटले, त्यांचे आभार मानले. याच काळात भारतात होंडाचे नाव रुजले. पुण्याच्या फिरोदियांशी झालेल्या करारातून १९८४ नंतर कायनेटिक होंडा स्कूटर आली आणि हीरोशी झालेल्या करारातून ती १०० सीसीची मोटारसायकल, जिने पुढे विदर्भाच्या जंगलपट्ट्यापर्यंत मजल मारली. कायनेटिकशी भागीदारी १९९८ मध्ये संपली, हीरोशी २०१० मध्ये.

फुजिसावा डिसेंबर १९८८ मध्ये वारले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या विकाराने सोइचिरो होंडा यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीसाठी कंपनीने मोठा समारंभ करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मोटारी बनवणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर वाहतूक तुंबावी, हे त्यांना शोभणारे वाटत नव्हते.

मोतेगी येथील होंडा कंपनीच्या संग्रहालयात विमानाच्या इंजिनाची ‘कर्टिस’ आहे, ‘एस ५००’ आहे, ‘१३००’ आहे. श्लेसर ज्या गाडीत गेला तिच्या जोडीची दुसरी ‘आरए ३०२’ ही हवेवर थंड होणारी गाडीही तिथेच ठेवलेली आहे.